रिकामा खिळा

"हे जरा धरता का... घट्ट?"

एवढंच म्हणून त्या माणसाने तिच्या हातात दोरी दिली आणि तो धावत आत गेला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरा फुगा होता, चांगला पुरुषभर उंच, आणि त्याला कुठेतरी जायची भारी घाई होती. ती शाळेत निघालेली. उशीर झाला म्हणून हवामान कार्यालयाच्या मागच्या आवारातून जवळची वाट धरलेली, खांद्याला पर्स, काखेत तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा. वह्या धपकन खाली पडल्या. दोरी मात्र तिने सोडली नाही. आता तुम्ही म्हणाल, अनोळखी माणसाचा फुगा धरून उभं राहायची हिला काय गरज होती? पण ती होतीच तशी. कुणी काही हातात दिलं की ते सोडायचं नाही, आणि सुटलं तर काय होईल ह्याची आधीपासूनच काळजी करत बसायचं.

दोन मिनिटांनी तो परत आला. हातात एक लहानसा पांढरा डबा. जोडीचा माणूस आज आला नाही, वारा वाढतोय आणि फुगा वेळेवर सोडावाच लागतो, असं काहीबाही तो स्वतःशीच पुटपुटत होता. पुटपुटतच त्याने डबा दोरीला बांधला, डब्याच्या बाहेर आलेल्या काडीवरचं टोपण काढून जॅकेटच्या खिशात टाकलं आणि मान वर केली.

"सोडा आता."

"सोडू? नक्की?"

"सोडा हो. जाणारच आहे तो."

तिने सोडला. फुगा असा काही वर गेला की तिची मान मागे मोडायची वेळ आली. पार ठिपका होईपर्यंत ती बघत राहिली. भानावर आली तेव्हा तो खाली बसून तिच्या वह्या गोळा करत होता, एकेक वही उचलून फुंकर मारून माती उडवत होता... आणि मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वर जातो? तिथे काय दिसतं? फुटतो कधी? डबा परत येतो का? तीस किलोमीटर, तो म्हणाला, तिथे भर दिवसा आभाळ काळं असतं. त्या दिवशी नववीचा पहिला तास पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि विज्ञानाच्या मॅडम कधी नव्हे त्या हसत वर्गात शिरल्या.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊनच त्याच्या कार्यालयात हजर झाली.

शाळेत ती एक अवकाश मंडळ चालवायची. अकरा मुलं. त्यातल्या दहा जणांना शनिवारी घरी बसायचा कंटाळा म्हणून ती यायची, हे तिलाही ठाऊक होतं. अकरावी मात्र वेगळी. ती गॅरेजवाल्याची मुलगी, दहावीतली, कायम दप्तरात एक दहा नंबरचा पाना बाळगणारी, म्हणून सगळी शाळा तिला पाना म्हणायची. मॅडमची कल्पना अशी, की मुलांनी स्वतः एक डबा बनवायचा, त्यात कॅमेरा आणि तापमान मोजायचं यंत्र बसवायचं, आणि तो फुग्याला बांधून त्या काळ्या आभाळापर्यंत पाठवायचा. पुस्तकातलं अवकाश मुलांना फार लांबचं वाटतं. आपल्या हाताने स्क्रू पिळलेला डबा तिथे जाऊन आला, तर उद्या आपणही जाऊ शकतो असं एकाला तरी वाटेल. एकाला वाटलं तरी पुष्कळ.

अर्ज वाचून त्याने एवढंच विचारलं, की मॅडम, फुगा कोण धरणार? आणि मंजुरी आणायला स्वतःच वरच्या साहेबांकडे गेला.

मुलांनी त्याचं नाव ठेवलं फुगेवाला. तो रागावला नाही. उलट फोनवरही तेच नाव सांगू लागला. फोन तिला रोज यायचा, सकाळी बरोबर सातला. आधी वारा... दहा किलोमीटरवर पश्चिमेचा, वेग अमुक, वीसवर जरा वळतोय... आणि मग, "तुमचा चहा झाला का?" वारा सांगायला एक मिनिट लागायचं आणि चहाचं बोलायला वीस. एक दिवस तिच्या आईने विचारलं, की रोज सकाळी फोन कुणाचा असतो. हवामान खात्याचा, ती म्हणाली. "असं?" आई म्हणाली, "मला नाही हो कधी हवामान खात्याने विचारलं चहा झाला का म्हणून." तिने तोंड फिरवून कुकर लावला.

त्या वीस मिनिटांत तिला बरंच काही कळलं. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. आई त्याच्यावर कायम वैतागलेली, कारण दिवसातून दोन फुगे, दोन डबे, दोन टोपणं, आणि टोपण काढलं की हा खिशात टाकणार आणि विसरणार, मग ती धुण्यात निघणार. तिने एक काचेची बरणीच ठेवली होती टोपणांसाठी. सून आली की तिच्या हातात देईन म्हणते, असं तो बोलून गेला, आणि मग घाईघाईने वीस किलोमीटरवरच्या वाऱ्याकडे वळला.

असं सगळं छान चाललेलं. आणि मग पानाचं पत्र आलं.

दुसऱ्या शहरात अवकाशविज्ञानाची एक निवासी शाळा होती, दहावीनंतर दोन वर्षांची. पानाने परीक्षा दिली होती आणि तिची निवड झाली होती. संमतीपत्रावर वडिलांची सही हवी होती, आणि शेवटचा दिवस होता सोमवार. वडील सही करायला तयार नव्हते. मॅडम स्वतः गॅरेजात गेल्या. वडिलांनी हात पुसले, स्टूल दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरांना वर बघायला शिकवता. चांगलंच आहे. पण वर बघत चालणारा पडला, की उचलायला आम्ही असतो. हिला आई नाही. हिचं मन मोडलं तर मला ते दुरुस्त करता येत नाही."

तरी ती बोलली. रविवारी फुगा सोडतोय, तुम्ही या, तुमच्या मुलीने काय केलंय ते डोळ्यांनी बघा. ते म्हणाले, की ठीक आहे, येतो. डबा वर गेला, त्याने काम केलं आणि परत आला, तर सही. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. पाना शेजारी उभी होती. तिने मॅडमकडे बघितलं ते असं, की मॅडमना रविवारपर्यंत धड झोप लागली नाही.

झोप येईना म्हणून तिने याद्या केल्या. काळजी लागली की ती याद्या करायची. फुगा सोडायच्या आधी करायच्या अठरा गोष्टी, ओळीने. ती एकेक वाचणार, ज्याचं काम त्याने ते करून "झालं" म्हणायचं. त्यातली सतरावी सगळ्यात महत्त्वाची. कॅमेरा आधीपासून चालू राहिला तर बॅटरी संपेल, म्हणून पानाने डब्याच्या बाजूला एक पिन बसवली होती. पिन आत असेपर्यंत कॅमेरा झोपलेला, ओढून काढली की जागा. पिनेला हातभर लाल रिबीन, विसरू नये म्हणून. पिन काढायची ती पानानेच, आणि काढली की रिबिनीसकट मैदानात समोर रोवलेल्या फळीवरच्या खिळ्याला टांगायची. खिळ्यावर लाल रिबीन दिसल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. हा नियम मॅडमनी यादीत दोनदा अधोरेखित केला होता.

रविवारी सकाळी वारा फोनवर वेगळा होता आणि मैदानावर वेगळा.

फुगा फुगेपर्यंत बरं होतं. मग एक झोत आला आणि तो एवढा मोठा फुगा आडवाच झाला. दहा मुलं दोरीला लोंबकळली. पाना डबा खालून दोन्ही तळव्यांवर तोलून उभी, फुगेवाला शेजारी दोराच्या आणि डबा अलगद खाली उतरवणाऱ्या छत्रीच्या गाठी तपासतोय, वडील आपल्या पिकअपला टेकून हाताची घडी घालून बघतायत. मॅडमचा स्कार्फ उडून तोंडावर आला. यादीचा कागद दोन्ही हातांत, मग करणार काय, तिने स्कार्फचं टोक दातांत धरलं आणि तशीच वाचू लागली.

"आत्ता सोडू, नाहीतर आज नाही," तो ओरडला. "पुढचा झोत आला तर फाटेल."

"दोर?" "झालं." "छत्री?" "झालं." "लाल रिबीन?"

"...झालं."

"हात सोडा."

आणि सुटला. सगळे आ वासून वर बघू लागले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी. तिने मात्र फळीकडे बघितलं. खिळा रिकामा होता.

आधी तिला वाटलं, वाऱ्याने रिबीन उडाली असेल. तिने पानाला विचारलं. पाना वर बघत राहिली आणि तिने नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना. मग सगळे गवत चाळायला लागले. फुगेवाल्याला धावपळीत घाम फुटला होता, त्याने जॅकेट काढून पिकअपच्या मागे टाकलं आणि तोही गुडघे टेकून रांगत रांगत शोधू लागला. दहा मिनिटं शोधलं. काही नाही. डब्यातला ट्रॅकर वेगळ्या बॅटरीवर होता, तो मिनिटाला एकदा त्याच्या फोनवर आपला ठावठिकाणा कळवत होता. डबा चार किलोमीटर वर गेला होता, जिवंत होता. पण कॅमेरा जागा होता की झोपला होता, हे सांगणारं वर कुणी नव्हतं.

पिकअपमध्ये पुढे वडील आणि पाना, मागे ती आणि तो. दहा मुलांना मैदानावर ठेवून चौघं डब्याच्या मागे निघाले. रस्ता शहराबाहेर पडला, घरं विरळ झाली. तो मधूनमधून आकडे सांगत होता. बारा किलोमीटर. एकोणीस. ती नखं कुरतडत होती. हे त्याने पाहिलं, आणि हातातली पेन्सिल तिच्यापुढे धरली... चावायचीच तर ही चावा. एरवी ती हसली असती. आज तिने पेन्सिल घेतली आणि खरंच चावली.

सव्वीस किलोमीटरवर पाना बोलली, मागे वळून न बघता.

"मॅडम, मी पिन काढली नाही."

वडिलांनी गाडीचा वेग कमी केला.

"डबा हलत होता. हात सोडला असता तर पडला असता. मला वाटलं, पुढच्या सेकंदाला काढीन, म्हणून आधी झालं म्हटलं... आणि सुटला." मग ती रडायला लागली, अगदी हळू, खांदे आत ओढून. "मैदानावरच सांगायला हवं होतं. बाबा होते म्हणून नाही सांगितलं."

वडिलांनी गाडी बाजूला घेतली. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. सोमवार, संमतीपत्र, ती मुलगी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पण गप्प बसणं बरं नव्हतं. तिने सांगितलं, की चूक तिची नाही, माझी आहे. यादी माझी, नियमही माझा. रिबीन बघितल्याशिवाय पुढे वाचायचं नव्हतं. मी खिळ्याकडे बघितलंच नाही. तो लगेच म्हणाला, की घाई मी केली, मी ओरडलो नसतो तर हे झालं नसतं. चांगलं तिघांनी मिळून ओझं वाटून घेतलं, पण त्याने काय होणार होतं? कॅमेरा तर झोपलेलाच होता.

"म्हणजे डबा रिकामा येणार," वडील म्हणाले.

त्यांनी हात गिअरवर ठेवला.

"मग काय, परत फिरायचं?"

"नाही," पाना नाक पुसत म्हणाली. "आणायला जायचं. आपला आहे तो."

त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

तीस किलोमीटरवर फुगा फुटला. डबा छत्रीखाली तरंगत उतरू लागला. वाऱ्याने तो कुठे नेईल, तलावात, विजेच्या तारांवर की कुणाच्या छपरावर, ह्या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला. रिकामा असला म्हणून काय झालं, मुलांचा डबा होता. तो फोनवर डोळे लावून डावीकडे, सरळ, आता उजवीकडे, असं सांगत होता. शेवटचा निरोप आला तो कापणी झालेल्या एका शेताच्या टोकावरून. शेवटचे पाचशे मीटर पायी जावं लागलं. तिचा पाय ढेकळात मुरगळल्यासारखा झाला, तर त्याने कोपराला धरून तिला सावरलं, आणि सावरून झाल्यावरही हात लगेच काढला नाही. हे तिच्या लक्षात आलं. नेमकं आज, असल्या दिवशी लक्षात यावं, ह्याचा तिला स्वतःचाच राग आला.

डबा बांधाजवळच्या डबक्यात एका कुशीवर पडला होता. पिनेची बाजू चिखलात. छत्रीच्या दोऱ्या काटेरी झुडपात अशा गुंतल्या होत्या की ओढल्या असत्या तर डबाच फुटला असता.

"कापाव्या लागतील," तो म्हणाला. "चाकू आहे माझ्याकडे."

चाकू जॅकेटात होता, जॅकेट पिकअपमध्ये. तो धावत जाऊन जॅकेटच घेऊन आला. पाना डबक्यात उतरून डबा धरून बसली होती. त्याने खिशात हात घातला. एक टोपण निघालं. दुसरं टोपण. मग चाकू. आणि चाकूला गुंडाळून, हातभर लांबीची, लाल रिबीन.

पहिल्यांदा कुणाला काही समजलंच नाही. त्यालाही नाही. तो रिबिनीकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या खिशातून निघाली. रिबिनीच्या टोकाला पिन लोंबत होती.

पानाने झटकन डबा फिरवला, बोटाने चिखल पुसला. पिनेचं भोक रिकामं होतं. आणि आत, मसुराएवढा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"चालू आहे," ती म्हणाली. मग पुन्हा, घोगऱ्या आवाजात, "मॅडम, तो चालू आहे."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच बांधावर बसली, चिखलबिखल न बघता. हसू की रडू तिचं तिलाच कळेना. पण वडील अजून त्या रिबिनीकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, की ही तुमच्या खिशात कशी?

तो चाचरला. सवय आहे, म्हणाला. रोज दोनदा डबा बांधतो, टोपण काढतो, खिशात टाकतो. हाताला सांगावं लागत नाही. गाठी तपासताना बोटांना काहीतरी लागलं असेल, आणि हाताने काढलं असेल.

"सहा आठवडे ह्या डब्यावर काम करताय, कधी काढलीत नाही. आज डोक्याला पत्ता न लागता हाताने काढली," वडील म्हणाले. "लक्ष कुठे होतं?"

"वारा होता ना... वाऱ्याकडे."

पानाने मान वर केली. डोळे अजून लाल होते. ती त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासून इथे प्रत्येकाने आपापलं कबूल केलं होतं, राहिलं होतं ते एवढंच. त्याचे कान लाल झाले. त्याने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा चाकूकडे.

"वाऱ्याकडे नव्हतं," तो म्हणाला. "मॅडमकडे होतं. त्यांनी स्कार्फ दातांत धरला होता... आणि तसंच 'छत्री' म्हणाल्या. तेव्हा." आणि मग, एकदा सुरुवात झालीच आहे तर, "आजच नाही. पहिल्या दिवसापासूनच आहे. त्या दिवशी वह्या पडल्या, पण ह्यांनी दोरी सोडली नाही... तेव्हापासून."

बांधावर बसलेल्या मॅडमना वाटलं, आपण ऐकण्यात काहीतरी चूक केली. नव्हती केली.

वडील खाकरले. मग मुलीला म्हणाले, "चल, तो डबा घे. आणि कागद कुठाय तुझा?"

पिकअपपाशी पोचल्यावर पानाने ओल्या हाताने दप्तरातून संमतीपत्र काढलं. त्यांनी ते पिकअपच्या बॉनेटवर पसरलं आणि पेन मागितलं. सही करता करता ते बोलत होते, कुणाकडे न बघता. गॅरेजात गाडी जोडून झाली की कधी कधी एखादा नट उरतो. पोरं काय करतात, तर तो हळूच खिशात टाकतात आणि म्हणतात, झालं. बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, एकाने येऊन सांगितलं नाही, की मालक, नट उरला.

"ही बोलली तेव्हाच ठरवलं होतं सही करायचं," ते म्हणाले. "डबा रिकामा समजूनच. पडली तर हिला सांगता येतं, एवढं मला पुरे आहे."

पाना त्यांच्या दंडाला लटकली. त्यांनी तिच्या डोक्यावर ग्रीसचा हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

इकडे बांधावर हे दोघं कापलेल्या दोऱ्या गुंडाळत होते. म्हणजे तो गुंडाळत होता आणि ती दोऱ्यांचं दुसरं टोक हातात घेऊन नुसती उभी होती.

"रागावलात?" त्याने विचारलं.

"तुम्ही गवतात रांगत होतात," ती म्हणाली. "दहा मिनिटं. माझ्यासमोर. पिन खिशात ठेवून."

"हो."

"आणि मी तुमची पेन्सिल चावून संपवली."

"ती ठेवा तुम्ही." मग तो थांबला. "पण... काही बोलाल का? नाही म्हणालात तरी चालेल. वारा मी सांगतच राहीन."

तिने त्याच्या हातातून रिबीन घेतली आणि बोटाभोवती गुंडाळली. बोलायचं तिला खूप होतं. पण काळजी करणाऱ्या माणसाची आनंदाच्या वेळीही तीच गत, आधी सगळं जागच्या जागी लागायला हवं. ती म्हणाली, "नियम आहे माझा. ही खिळ्यावर लागल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. आज एकदा मोडला, तर काय झालं बघितलंत ना?"

परतीच्या वाटेवर पानाने कॅमेऱ्याचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि तो मागच्या सीटवर दिला. काळं आभाळ नंतर होतं, पृथ्वीची निळी कड नंतर होती. ते पानाने मागे वळून वळून बघितलं, आणि वडिलांनी गाडी थांबवून दोनदा. पण सगळ्यात आधी होतं मैदान. कॅमेरा वर उचलला जातोय आणि खाली सगळ्यांचे चेहरे, दहा मुलं, पाना, वडील, सगळ्यांच्या माना वर. दोघंच वर बघत नव्हते. ती फळीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती, दातांत स्कार्फ. आणि तो तिच्याकडे.

तिने लॅपटॉप जरा आपल्याकडे वळवला आणि तेवढाच भाग पुन्हा बघितला. तो खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करत होता.

मैदानावर दहा मुलं तशीच वाट बघत थांबली होती. डबा दिसताच ती पिकअपभोवती गोळा झाली, आणि पाना त्यांना निळी कड दाखवू लागली. एक मुलगा, जो कायम नुसता झोपा काढायला यायचा, तो विचारत होता, की त्या निवासी शाळेची परीक्षा पुढच्या वर्षी कधी असते. ते ऐकून मॅडम क्षणभर थांबल्या. मग त्या फळीकडे गेल्या. तो मागोमाग आला, दोन पावलं अंतर ठेवून.

तिने बोटावरची रिबीन सोडवली आणि खिळ्याला टांगली. वाऱ्याने ती हलली, पण पडली नाही. तिने नीट बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"झालं," ती म्हणाली.

तो एक पाऊल पुढे आला. "मग... पुढची ओळ?"

"पुढच्या रविवारी तुमच्याकडे येते," ती म्हणाली. "तुमच्या आईंना सांगा, बरणी काढून ठेवा म्हणून."